खाऱ्या वाऱ्यातली जुनी जर्मन गाडी: किती पळाली ते नंतर, उभी कुठे होती ते आधी विचारा

मिऱ्या (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. जुन्या जर्मन गाड्यांबद्दल मला अधूनमधून व्यनि (व्यक्तिगत निरोप) येतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती पळालेली घ्यावी?" तीन वर्षांपूर्वी मीही तेच विचारत होतो. आता कोणी गाडी दाखवली की मी आधी विचारतो, ही इतकी वर्षं उभी कुठे होती? कशाखाली, किती दिवस, कुठल्या पावसात? हा प्रश्न विचारायला मी उशिरा शिकलो, म्हणून हा धागा.

माझी गाडी २०१४ची बीएमडब्ल्यू ३२८आय. दोन लिटर टर्बो पेट्रोल, २४५ अश्वशक्ती, ताकद मागच्या चाकांना, झेडएफचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक. पुण्याहून घेतली. मीटर ५८ हजार, मालक एकच, प्रत्येक सर्विसचा शिक्का अधिकृत वर्कशॉपचा. आंबा घाट उतरताना तिने वळणं अशी घेतली की साखरप्याला चहाला थांबलो तेव्हा बायको म्हणाली, "आता मी चालवते." घर येईपर्यंत चावी परत मिळाली नाही.

चौथ्या महिन्यात, सकाळी थंड इंजिन सुरू केलं की एक बारीक शीळ ऐकू यायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर दिला की चढायची, सोडला की उतरायची. आमच्या मेस्त्रींनी एकदाच कान दिला आणि म्हणाले, "आता चालवू नका. चेंबर उतरवू." सबफ्रेम खाली घेऊन ऑईलचं चेंबर काढलं. पंपाच्या जाळीला चिकटून तपकिरी प्लॅस्टिकचे तुकडे होते, शंकरपाळ्याच्या तुटक्या कोपऱ्यांसारखे. दोन बोटांत दाबला की कट्कन मोडायचा. ते इंजिनातली टायमिंग चेन जागेवर धरणारे गाइड. ह्या गाडीतलं एन-२० इंजिन, साधारण २०१५च्या सुरुवातीपर्यंत बनलेलं, ह्याच दुखण्यासाठी ओळखलं जातं. प्लॅस्टिक उष्णतेने ठिसूळ होतं, तुकडे चेंबरमध्ये पडतात, जाळी तुंबते, वरपर्यंत तेल पोचत नाही आणि इंजिन जातं. मी वेळेत थांबलो. चेन, गाइड, टेन्शनर, ऑईल पंपाची चेन आणि मजुरी धरून दीड लाखाच्या आसपास खर्च आला.

शिक्के खोटे नव्हते. मी आधीच्या मालकांना फोन केला, ते मोकळेपणाने बोलले. वर्षातले सात-आठ महिने ते परदेशात, गाडी सोसायटीच्या तळघरात. दीड-दीड वर्ष तेच तेल. आले की बाजारापर्यंत फेरी, म्हणजे इंजिन पुरतं तापायच्या आत बंद. ५८ हजार हा आकडा खरा होता, पण त्यातून मला यातलं काहीच कळलं नव्हतं.

आता मी तेल ८ हजार किलोमीटरला किंवा वर्षाला बदलतो, जे आधी येईल ते. बीएमडब्ल्यूच्या एलएल-०१ मान्यतेचंच वापरतो. ह्या इंजिनाला डिपस्टिक नाही, पातळी पडद्यावर आणि गरम इंजिनावरच बघावी लागते. पहिल्या तारखेला बघायची सवय लावून घेतली आहे. गिअरबॉक्सच्या तेलाला बीएमडब्ल्यू "लाइफटाइम" म्हणते, पण तो गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. मी बनवणाऱ्याचं ऐकलं. फिल्टर प्लॅस्टिकच्या पॅनमध्येच असतो, त्यामुळे अख्खा पॅन बदलतात. पातळी लावायची ती इंजिन चालू ठेवून, तेल ३० ते ५० अंशांत असताना. हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातात हे काम देऊ नका.

एक कळकळीची विनंती. कूलंट कमी दिसला म्हणून विहिरीचं पाणी ओतू नका. आमच्याकडच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. ते क्षार आतल्या अ‍ॅल्युमिनियमला खातात. निळा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, दोन्ही डिकीत ठेवा.

घर समुद्रापासून चारशे मीटरवर आहे, त्यामुळे मिठाचा विषय मोठा आहे. पण त्यावर गॅरेजवाल्या मंडळींनीच लिहावं.

आंबाघाट (रत्नागिरी–कोल्हापूर)

वाखु (वाचनखूण) साठवली. मी दर आठवड्याला कोल्हापूर करतो. स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस बघतोय, २३० अश्वशक्तीवाली. गाडी चेक देशातल्या कंपनीची, पण इंजिन आणि गिअरबॉक्स फोक्सवॅगनचं, म्हणून इथेच विचारतो. पनवेलला २०१८ची एक आहे, मीटर ३४ हजार. किंमत बाजारापेक्षा बरीच खाली आहे. विकणारा म्हणतो मालकाला घाई आहे. शनिवारी बघायला जातोय. काय काय बघू?

करवंद (चिपळूण)

आंबाघाट, किंमत बरीच खाली असेल तर आधी पाण्याचा संशय घ्या. मी चिपळूणचा आहे, हे वाऱ्यावरचं बोलत नाही.

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली तेव्हा काकांची ऑडी ए४ घराखालच्या गाळ्यात होती. पाणी छताला लागलं. ओसरल्यावर दार उघडलं तेव्हा सीटवर बोटभर जाडीचा गुळगुळीत गाळ होता आणि डॅशबोर्डवरचा गणपती जागच्या जागी होता. विम्याने गाडी टोटल लॉस धरली, सांगाडा कोणीतरी लिलावात उचलला. पुढच्या वर्षी तीच गाडी विक्रीच्या जाहिरातीत दिसली, दुसऱ्या राज्यात, नव्या सीट कव्हरांसह. मागच्या दरवाज्याच्या काचेवर काकूने चिकटवलेल्या स्टिकरचा गोल डाग तसाच होता. काका त्या रात्री जेवले नाहीत. कुणाच्या तरी लेकराबाळांना घेऊन ती गाडी हायवेवर जाणार, हेच त्यांच्या डोक्यात.

म्हणून सांगतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी रिळाचा तळ दिसेपर्यंत. वरचा भाग धुतात, शेवटचा हातभर कोणी धुत नाही. मागची सीट उचलून फोम दाबून बघा. पुढच्या सीटचे बोल्ट आणि रूळ यांवर टॉर्च मारा. स्पीकरच्या जाळीमागे, हेडलाइटच्या आतल्या कोपऱ्यात, डिकीत चाकाच्या खळग्यात बघा. ह्या गाड्यांमध्ये कितीतरी कंट्रोल मॉड्यूल आणि जोडण्या कार्पेटच्या पातळीला, सीटखाली नाहीतर डिकीच्या कडेला असतात. पाणी गेल्या गेल्या काही होत नाही. पितळेच्या भांड्याला चढतो तसा कळंक पिनांवर हळूहळू चढतो आणि सहा-आठ महिन्यांनी डॅशबोर्डवर धोक्याचा एकेक दिवा पेटायला लागतो.

आणि फक्त चिपळूण-महाड धरू नका. २०१९ला कोल्हापूर-सांगलीतही पाणी होतं.

तेरेखोल (सावंतवाडी, गॅरेज)

माका इचारशात तर पयलो कार्पेट उचलून वास घेवा. वास खोटा बोलणा नाय.

बाकी सगळ्यांना कळावं म्हणून सरळ लिहितो. किनाऱ्यावरची गाडी माझ्याकडे येते तेव्हा पत्रा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. जर्मनांनी जस्त चढवलेला पत्रा फार आधीपासून वापरला, ऑडीने तर १९८५पासून मोठ्या गाडीची अख्खी बॉडी गॅल्व्हनाइज केली. त्यामुळे दरवाजे, मडगार्ड बघून गिऱ्हाईक खूश होतं. मीठ बसतं ते खाली. सबफ्रेमचे बोल्ट, ब्रेकच्या पत्र्याच्या नळ्या, सायलेन्सरचे हँगर, एबीएस सेन्सरच्या जोडण्या, मागचे कॅलिपर. एसीचा कंडेन्सर तर पहिला बळी. गाडी उचलल्याशिवाय यातलं काहीच दिसत नाही, आणि निम्मी गिऱ्हाईकं गाडी न उचलता व्यवहार करून येतात.

पावसाळ्यात गाडी चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक लावून ठेवू नका. पॅड डिस्कला चिकटतात. सपाट जागा बघून गिअर पार्किंगला टाका आणि चाकाला चिऱ्याचा तुकडा लावा.

प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका. आत वाफ धरते, स्टिअरिंगवर पांढरी बुरशी येते, चामड्याला येते. पडवी असेल तर पडवीत उभी करा, नसेल तर चार खांबांवर पत्रा टाका. आंब्याखाली मोहोराच्या दिवसांत नको, तुडतुड्यांचा चिकटा रंगावर बसतो. माडाखाली का नको ते सांगायला नको.

आता सुरूच्या काड्या. किनाऱ्यावर सुरूच्या बनात गाडी लावतात, सावली छान असते. ती काडी सुईएवढी, पुढच्या काचेखालच्या पन्हळीत पडते, ओली होऊन गोळा होतो आणि पाणी जायचं भोक बंद. मग पाऊस एसीच्या फिल्टरमधून पायात उतरतो. सनरूफच्या चारही नळ्यांचं तसंच. गिऱ्हाईक म्हणतं रबर गेलं. रबर नवं असतं. मे महिन्यात एकदा पन्हळ हाताने साफ करा आणि सनरूफच्या कोपऱ्यात वाटीभर पाणी ओतून ते चाकाजवळ खाली पडतंय का बघा. एवढ्यासाठी गॅरेजला यायची गरज नाही.

उंदरांसाठी माझा एकच उपाय, रात्री बोनेट उघडं ठेवणं. त्यांना अंधार आणि ऊब लागते. बाकी फवारे मी वापरून बघितले, फरक जाणवला नाही.

सुरंगी (दापोली)

धागालेखकांचे आभार, फार गरजेचा विषय. माझी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, २०१५ची, ठाण्याहून घेतलेली. १.२ टर्बो, १०५ अश्वशक्ती, आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. कागदावर आकडा छोटा, पण दापोलीच्या वळणावळणाच्या रस्त्यावर ह्या गाडीने मला जेवढा आनंद दिला तेवढा कुठल्याच गाडीने दिला नाही.

डीएसजी म्हणून सगळे एकाच टोपलीत टाकतात, ते चूक आहे. माझा डीक्यू-२००, कोरड्या क्लचचा. आंबाघाट, तुम्ही बघताय त्या २३०चा सहा गिअरवाला डीक्यू-२५०, तो तेलातल्या क्लचचा. त्याला दर ६० हजारला तेल आणि फिल्टर बदलावाच लागतो. ते झालंय का, त्याचं बिल मागा. तोंडी उत्तर घेऊ नका.

कोरड्या क्लचला गर्दी आणि उष्णता सोसत नाही. २०१३ साली फोक्सवॅगनने ह्याच सात गिअरवाल्या डीएसजीच्या १६ लाख गाड्या जगभरातून परत बोलावल्या होत्या. गरम, दमट हवा आणि सारखं थांबणं-निघणं असलं की गिअरबॉक्सच्या सिंथेटिक तेलामुळे आतल्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकत होता, म्हणून त्यांनी खनिज तेल भरून दिलं. माझी गाडी त्यानंतरची. पण गरम, दमट आणि थांबत-थांबत म्हणजे आपला गणपतीतला माणगाव.

माझीही तिथेच बंद पडली. चतुर्थीच्या आदल्या दिवशी, अडीच तास फूट-फूट सरकत. आधी पहिल्या-दुसऱ्या गिअरला धक्के, मग गिअरचं अक्षर लुकलुकायला लागलं आणि गाडी जागेवर. मागे आई, मांडीवर मूर्ती. रस्त्याकडेच्या घरातल्या माणसांनी गाडी अंगणात ढकलून घेतली, आम्हाला पाणी दिलं, मूर्ती त्यांच्या देवघरात ठेवली. मेकाट्रॉनिक, म्हणजे डीएसजीचे गिअर बदलणारं इलेक्ट्रॉनिक युनिट, गेलं होतं. तेव्हापासून गर्दीत मी पुढच्या गाडीमागे सरकत नाही. दोन गाड्यांची जागा होऊ देते, मग एकदम जाते. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. विकत घेताना गाडी पूर्ण तापल्यावर चढावर, अगदी सावकाश, पाच-सहा वेळा थांबून निघून बघा. थंड गाडीत हा दोष लपतो.

कातळ (राजापूर)

सगळं वाचलं. मला मनापासून वाटतं की आपल्या रस्त्यांवर, आपल्या पावसात ह्या गाड्या घेऊच नयेत. अधिकृत वर्कशॉप गाठायला बऱ्याचदा लांब जावं लागतं. रात्री फोंडा घाटात बंद पडली तर कोण येणार? तेवढ्याच पैशांत नवी साधी गाडी येते, वॉरंटीसकट.

मिऱ्या (रत्नागिरी)

कातळ, घरात एकच गाडी असेल आणि आईवडिलांना दवाखान्यात तीच न्यायची असेल, तर तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. माझ्याकडे दुसरी साधी गाडी आहे, म्हणून मी हे करू शकलो. बीएमडब्ल्यूला स्टेपनीही नाही, रनफ्लॅट टायर आहेत. हवा गेली तरी ८०च्या वेगाने ८० किलोमीटर जाता येतं. पण खड्ड्यात बाजू फाटली तर तेही नाही.

माझं गणित असं. गाडीच्या किमतीच्या पंचवीस टक्के पैसे बाजूला ठेवल्याशिवाय गाडी घ्यायची नाही. पहिल्याच वर्षात सगळी तेलं, कूलंट, ब्रेक फ्लुइड, सस्पेन्शनचे रबरी बुश, टायर, बॅटरी हे करावं लागतंच. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढतं, आपल्याकडे दोन वर्षांच्या पुढे ठेवू नये. नवी बॅटरी बसवली की बीएमडब्ल्यूला ती संगणकावर नोंदवून द्यावी लागते, नाहीतर ती जुनी समजूनच चार्ज करत राहते. हे पैसे नसतील तर गाडी परवडत नाही, मग ती कितीही स्वस्त मिळो.

पार्ट्सची मात्र एवढी भीती नको. चासी नंबरचे शेवटचे सात आकडे दिले की अचूक पार्ट नंबर मिळतो. बीएमडब्ल्यूच्या डब्यात येणारा सस्पेन्शनचा आर्म मुळात लेम्फर्डर ह्या कंपनीचा असतो. लेम्फर्डरच्या स्वतःच्या डब्यातला आर्म घेतला तर कधीकधी बीएमडब्ल्यूचा शिक्का घासून काढलेली जागा हाताला लागते. माल तोच. मुंबईतला दुकानदार संध्याकाळी लक्झरी बसच्या डिकीत टाकतो, सकाळी हातखंब्याला उतरवून घ्यायचा.

पाणंद (पेण)

कागदांचं कोणीच लिहिलं नाही, म्हणून. राज्यातल्या राज्यात गाडी घेतली तर नंबर तोच राहतो, कर पुन्हा नाही. फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची असेल तर तिथली एनओसी म्हणजे फॉर्म २८, कर्ज होतं तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५. ह्या वर्गातल्या बऱ्याच गाड्या कंपनीच्या नावावर असतात. तिथे सही करणाऱ्याला तसा अधिकार दिल्याचं लेटरहेडवरचं पत्र मागून घ्या, नाहीतर आरटीओच्या खिडकीवरून परत याल. दिल्लीच्या डिझेल गाड्या स्वस्त दिसत आल्या आहेत कारण तिथे २०१५ साली दहा वर्षांपुढच्या डिझेलवर बंदी आली होती. पण इकडे आणल्यावर महाराष्ट्राचा कर भरावा लागतो, तो आधी हिशेबात धरा.

पुराचा संशय असेल तर मागच्या चार-पाच वर्षांच्या विमा पॉलिसी मागा. प्रत्येकीवर नो क्लेम बोनस छापलेला असतो: २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा चढत जातो आणि क्लेम घेतला की शून्यावर येतो. ३४ हजार पळालेल्या, "एक ओरखडा नाही" म्हणणाऱ्या गाडीचा बोनस मध्येच शून्य झाला असेल तर त्या वर्षी काय झालं ते विचारा.

विकणाऱ्यांनीही जपा. चावी देताना तारीख आणि वेळ घातलेली पोचपावती घ्या. गाडी नावावर होईपर्यंत चलन तुमच्याच नावाने येतं, आणि अपघात झाला तर नोटीसही.

आंबाघाट (रत्नागिरी–कोल्हापूर)

सर्वांचे मनापासून आभार. सविस्तर लिहितो.

पनवेलला सांगून गेलो होतो की गाडी थंड हवी. पोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवला, चटका बसला. "तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून आणली," असं उत्तर मिळालं. गाडी दिसायला नवीकोरी. मागच्या डाव्या सीटचा बेल्ट ओढत गेलो. शेवटच्या हातभर पट्ट्यावर एक सरळ, मातकट रेघ होती, त्याच्या खाली रंग वेगळा. बोट फिरवलं तर बारीक पूड हाताला लागली. जुन्या पॉलिसी मागितल्या, एका वर्षाची मिळेना. जी त्याच्या पुढची होती तिच्यावर बोनस शून्य. मी काही बोललो नाही, नमस्कार करून निघालो. करवंद, तुमच्या काकांना सांगा, त्यांच्यामुळे एक घर वाचलं.

दोन आठवड्यांनी नाशिकची एक पाहिली. तीही २०१८ची, पण मीटर ८६ हजार. पूर्वी मी अशीकडे वळूनही बघितलं नसतं. मालक आठवड्यातून तीनदा नाशिक-मुंबई करायचे, गाडी बंगल्याच्या पोर्चमध्ये. डीएसजीच्या तेलाचं ५९ हजारचं बिल. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं घर बदलल्याचं बिल, जुनं का काढलं तर गुलाबी कूलंट झिरपून वाळल्याचे डाग दिसले म्हणून, आणि त्याचे फोटोसुद्धा. सकाळी सातला, दव पडलेलं असताना, माझ्यासमोर पहिल्यांदा सुरू केली. चेनचा आवाज नाही. स्कॅन लावला, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमधले किलोमीटर मीटरशी जुळले. गाडी लिफ्टवर घेतली. पुढचा एक बुश फाटलेला, टायर संपत आलेले. ते मालकांनी स्वतःहून आधीच सांगितलं होतं आणि किमतीतून वजा केलं होतं. जाताना म्हणाले, "चौथ्या गिअरला कधी कधी हलकीशी थरथर येते, मला कारण सापडलं नाही." त्या एका वाक्यावर मी व्यवहार पक्का केला.

परवा घरी आणली. पडवीतली लाकडं हलवून जागा केली आहे. बाबा दोनदा बाहेर जाऊन बघून आले.

एक शंका आहे. काल रात्री पाऊस झाला आणि आज सकाळी निघताना चारही चाकांतून खरखर येत होती. डिस्कवर तांबूस थर दिसतोय. नव्या डिस्क लागतील का?

तेरेखोल (सावंतवाडी, गॅरेज)

नाय रे बाबा. एका रात्रीचो गंज तो, दुधावरची साय. फाट्यापर्यंत हलको-हलको ब्रेक मारीत जा, निघान जाता. आणि तां चौथ्या गिअराचा थरथरणा आसा ना, तेच्यासाठी येकदा गाडी घेवन ये माझ्याकडे. पयले इंजिनचे माउंट बघूया.